एक टक्का गडबड : व्हेरा मोल्नारच्या रेघा आणि अण्णांची वही

गणित आणि चित्रकला असं काहीही फोनवर शोधलं की आधी तो शंख येतो. आत आत वळत जाणारी सोनेरी रेघ. ती मोनालिसाच्या चेहऱ्यावर बसवलेली असते, होकुसाईच्या लाटेवर बसवलेली असते, ताजमहालावर, सूर्यफुलावर, कुठल्या तरी कंपनीच्या लोगोवर. मागे गंभीर संगीत आणि वर १.६१८ हा आकडा. आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हे येतंच, आणि खाली 'गणित म्हणजे देवाची भाषा' छापाच्या दोन-तीन कॉमेंट.

कॉलेजात असताना मी आणि माझ्या रूममेटने एका रात्री हा शंख मेसच्या ताटाच्या फोटोवर बसवून पाहिला. बसला. शंखाचा डोळा बरोबर वरणाच्या वाटीत आला. मग हॉस्टेलच्या जिन्यावर बसवला, पार्किंगमध्ये आडव्या पडलेल्या स्कूटरवर बसवला. सगळीकडे बसला. कारण शंख लहान-मोठा करता येतो, फिरवता येतो, उलटा करता येतो, फोटो हवा तसा कापता येतो, आणि रेघ पुरेशी जाड असली की तिच्याखाली काही ना काही महत्त्वाचं सापडतंच. एवढी मोकळीक असल्यावर शंख न बसणारा फोटो शोधणं हेच खरं अवघड काम.

हे गणित चित्र झाल्यावर वरून चिकटवलेलं आहे. चित्र काढणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला होता की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला प्रश्न पडायचा तो वेगळा: चित्र काढत असताना गणित नेमकं काय काम करतं? मला पटलेलं उत्तर व्हेरा मोल्नारच्या चित्रांत मिळालं. तेही एकदम मिळालं नाही. आधी तिची चित्रं मला साधी वाटली, मग हुशार वाटली, आणि मग आमच्या घरातल्या एका वहीमुळे ती मला नव्याने बघावी लागली.

*

मोल्नारचा जन्म १९२४चा, बुडापेस्टचा. तिथल्याच कलामहाविद्यालयात शिकून ती १९४७ साली पॅरिसला आली आणि तिथलीच झाली. तिचं पहिलं एकल प्रदर्शन १९७६ मध्ये लंडनला भरलं, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. २०२३च्या डिसेंबरमध्ये ती गेली, तेव्हा शंभरी भरायला एक महिना कमी होता. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाँपिदू सेंटरने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. कॉम्प्युटर वापरून चित्रं काढणाऱ्या अगदी पहिल्या माणसांत तिचं नाव घेतात.

पण कॉम्प्युटर हाताला लागायच्या नऊ वर्षं आधी, १९५९ पासून, ती एक 'कल्पनेतलं यंत्र' वापरत होती. आधी नियम ठरवायचा: अमुक आकार घ्यायचा, तो एवढ्या जागी ठेवायचा, दर पावलाला त्यात एवढाच बदल करायचा. मग स्वतःच यंत्र होऊन तो नियम हाताने शेवटपर्यंत पाळायचा. मधेच लहर आली म्हणून काही बदलायचं नाही. १९६८ साली पॅरिसमधल्या एका संशोधन केंद्रात तिला खराखुरा कॉम्प्युटर वापरायची संधी मिळाली. चाळिशी ओलांडलेली ही चित्रकार फोर्ट्रान शिकली. तेव्हा प्रोग्रॅम पंच कार्डांवर द्यावा लागे आणि चित्र उमटायचं ते प्लॉटरवर. प्लॉटर म्हणजे पेन धरलेला यांत्रिक हात. तो कागदावर खरीखुरी शाईची रेघ ओढतो.

मी रोज कोड लिहितो. माझ्या कोडमुळे लोकांचे विम्याचे क्लेम एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत सरकतात. त्यामुळे मोल्नारबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलेला विचार फारसा उदात्त नव्हता: एवढं तर मलाही जमेल.

*

म्हणून मी तिचं 'इंटरप्शन्स' करून पाहिलं. १९६८-६९ मधली ही मालिका. कल्पना सांगायला एक वाक्य पुरतं. चौकोनी मांडणीत ओळीने छोट्या रेघा काढायच्या, प्रत्येक रेघ आपल्या जागी रँडम कोनात फिरवायची, आणि मधूनमधून काही रेघा गाळायच्या. बस. तीस ओळींचा कोड होतो.

पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक रेघेला शून्य ते तीनशे साठ अंशांत कुठेही फिरायची मुभा दिली. जे आलं ते भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखं दिसत होतं. मग मुभा कमी केली. रेघा आता वाऱ्यावर हलणाऱ्या गवतासारख्या दिसायला लागल्या, म्हणजे जरा बरं. मग रेघा गाळायची वेळ आली. मी लिहिलं: प्रत्येक रेघ गळण्याची शक्यता दहा टक्के. चित्र कसर लागलेल्या स्वेटरसारखं झालं. मोल्नारच्या चित्रात दिसतात ते पांढरे खड्डे कुठेच नव्हते.

पुन्हा तिचं चित्र मोठं करून पाहिलं. (फोनवर पाहू नका. एवढ्याशा आकारात खड्डे बुजतात आणि उरते ती नुसती जाळी.) तिच्या गाळलेल्या रेघा विखुरलेल्या नाहीत, एकमेकींच्या शेजारी आहेत. प्रत्येक रेघेचं नशीब वेगळं काढायचं नाही, तर एक जागा निवडायची आणि तिच्या आसपासच्या रेघांवर एकदम बोळा फिरवायचा. मी कोडमध्ये एवढाच बदल केला आणि चित्र जागं झालं. आता रेघांचं रान होतं आणि त्यात मोकळी पटांगणं होती. पटांगणाच्या कडेच्या रेघा उगाचच एकमेकींकडे पाहतायत असं वाटायला लागलं. रेघा त्याच होत्या, शेजार बदलला होता.

इथे माझं 'एवढं तर मलाही जमेल' गळून पडलं. तीस ओळींचा कोड जमणं आणि त्या तीस ओळींत कुठला आकडा महत्त्वाचा आहे हे ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

*

यात रँडम आकड्यांचं काम काय? मोल्नारने रेघा हातानेच वेड्यावाकड्या का नाही काढल्या?

कारण हाताला वेडंवाकडं येत नाही. कुणालाही कोऱ्या कागदावर शंभर ठिपके 'कसेही' द्यायला सांगा. तो प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्यांपासून जरा लांब, अंतर राखून देईल. खरे रँडम ठिपके असे नसतात. वळवाचे पहिले थेंब कोरड्या फरशीवर पडतात तेव्हा दोन-तीन एका जागी खेटून पडतात आणि बाजूला हातभर फरशी कोरडी राहते. आपल्या हाताला ही बेफिकिरी जमत नाही. हाताला सवयी असतात, आणि शिकलेल्या चित्रकाराच्या हाताला तर जास्तच. गणिताला सवय नाही. तुम्हाला कधीच सुचली नसती अशी मांडणी ते समोर ठेवतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी प्रोग्रॅमरांना लगेच कळेल. कॉम्प्युटरचा रँडम आकडा हाही शेवटी सूत्रानेच काढलेला असतो. सुरुवातीचा आकडा, ज्याला आम्ही सीड म्हणतो, तो तोच ठेवला तर सगळी मालिका जशीच्या तशी परत येते. चित्रकाराच्या हातून कागदावर शाई सांडली आणि सुंदर डाग पडला तर तो अपघात एकदाच घडतो. इथे अपघात हवा तितक्या वेळा, अगदी तसाच, पुन्हा घडवता येतो. आणि त्यातली एकच गोष्ट बदलून बघता येते. रेघा त्याच, खड्डे त्याच जागी, फक्त कोनाची मुभा पाच अंशांनी वाढवली तर? दोन कागद शेजारी ठेवायचे आणि डोळ्याला विचारायचं, कुठला?

मोल्नारच्या मालिका अशाच आहेत. म्हणून तिचं एकटं चित्र पाहून भागत नाही. ते सुटं काढलेल्या फ्रेमसारखं दिसतं.

*

याच सुमाराला रँडमवर चित्रं काढणारा तिचा एक मित्र होता, फ्रान्स्वा मोरेले. १९६० मध्ये त्याने एक मीटर बाय एक मीटर कॅनव्हासवर आडवे दोनशे, उभे दोनशे असे चाळीस हजार चौकोन आखले. मग टेलिफोन डिरेक्टरी घेतली. आकडा सम आला की निळा, विषम आला की लाल. स्वतःची आवडनिवड त्याने पूर्ण बाजूला ठेवली.

कल्पना म्हणून मला हे फार आवडतं. चित्र म्हणून मात्र मी त्याच्यासमोर जास्त वेळ थांबू शकत नाही. सगळीकडे निम्मं लाल, निम्मं निळं. डोळा कुठेही गेला तरी तेच. केबल गेलेल्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखं ते सळसळतं आणि मग नजर मागे फिरते.

दुसरं टोक गणितज्ञांनी गाठलं होतं. अमेरिकन गणिती जॉर्ज बर्कहॉफ याने १९३३ मध्ये सौंदर्य मोजायचं सूत्रच दिलं: व्यवस्था भागिले गुंतागुंत. त्याने नव्वद बहुभुजाकृतींना त्या सूत्राने गुण दिले. पहिला आला चौरस. सूत्रात चूक काढता येत नाही, पण भिंतीवर चौरस टांगून त्याच्याकडे रोज कोण बघणार?

मोल्नारने आयुष्यभर चौरसच काढले, आणि ते किंचित बिघडवले. '(देस)ऑर्द्र' या १९७४च्या मालिकेत एकात एक बसवलेले चौरस आहेत, ओळीने मांडलेले. त्यातले काही चौरस गाळलेत, काहींचे कोपरे जरासे सरकलेत. १९८० साली तिचं एक छोटं पुस्तक आलं. त्याच्या नावाचं मराठी साधारण असं होईल: 'एक टक्का अव्यवस्था, किंवा काटकोनाचा हळवेपणा'. मला यातला 'एक टक्का' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. मोरेलेकडे शंभर टक्के गडबड आहे, बर्कहॉफच्या चौरसात शून्य. मोल्नारचा प्रश्न होता, किती? किती सरकवल्यावर चौरस चौरस राहत नाही? त्याच्या अगदी अलीकडे, जिथे तो अजून चौरस आहे पण आता आपलं त्याच्याकडे लक्ष जातं, ती जागा कुठे?

आमच्या ऑफिसात एक टक्का गडबड म्हणजे रात्री तीनला वाजणारा फोन. उंबरठा नावाची गोष्ट आम्ही रोज ठरवतो: इतक्या चुका चालतील, त्याच्या वर गेलं की माणसाला उठवा. तिच्यासाठीही तो उंबरठाच होता. फक्त तिला त्याच्यावर जाऊन उभं राहायचं होतं.

तिची सगळीच चित्रं मला पटतात असं नाही. माँड्रिआनच्या चित्रांवर नियम बेतून केलेली तिची 'मोल्न्द्रिआन' नावाची चित्रं आहेत. ती गमतीची आहेत आणि गमतीचीच राहतात. तिथे कठीण निवडी माँड्रिआनने आधीच करून ठेवल्या आहेत, आकड्यांना फारसं काम उरलेलं नाही. आणि बऱ्याच मालिकांपुढे मला असंही वाटायचं की ठीक आहे, डोळ्याची परीक्षा झाली, पण यात माणूस कुठे आहे?

*

'माझ्या आईची पत्रं' या मालिकेबद्दल मला हीच शंका सगळ्यात जास्त होती.

मोल्नार पॅरिसला, आई बुडापेस्टला. आई दर आठवड्याला पत्र लिहायची. या पत्रांबद्दल मोल्नारने १९९५ साली 'लिओनार्दो' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. ती सांगते की आईचं अक्षर जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन जमान्यातल्या शिकलेल्या लोकांसारखं होतं, गॉथिक वळणाचं. प्रत्येक ओळ डावीकडे कडक शिस्तीत सुरू व्हायची आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ होत होत शेवटी भान सुटल्यासारखी व्हायची. वर्षं गेली तशी शिस्त आटत गेली आणि गडबड वाढत गेली. पत्रं वाचणं कठीण झालं, बघायला मात्र ती सुंदर होती. मग एक दिवस पत्रं यायची थांबली. तेव्हा मोल्नारने ती कॉम्प्युटरवर स्वतःच स्वतःला लिहायला घेतली.

या पत्रांत एकही अक्षर वाचता येत नाही, कारण अक्षरं नाहीतच. वर-खाली जाणारी टोकदार रेघ आहे, ओळीमागून ओळ. डावीकडे करवतीच्या दातांसारखी एकसारखी. उजवीकडे दात लहान-मोठे, तिरके, एकमेकांत अडकलेले. कोड वाचणाऱ्याला यामागचं गणित लगेच दिसतं. डाव्या समासापासूनचं अंतर क्ष धरा. क्ष जसजसा वाढेल तसतशी गडबडीची मात्रा वाढवा. नववीतला आलेख आहे, शून्यातून निघालेली चढती रेघ.

माझी शंका अशी की इथे सगळं काम शीर्षक करतंय. शीर्षक झाका. उरतो तो भूकंपमापकाचा कागद किंवा ईसीजी. 'आई' हा शब्द वर लिहिल्यावर कुठल्याही थरथरत्या रेघेला गहिवर येणारच. सोनेरी शंखासारखंच हे, फक्त दुःख वरून चिकटवलेलं. मी हे मत वर्षभर बाळगलं आणि दोन-तीन मित्रांना ऐकवलंही.

*

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होते. निवृत्तीनंतर रोज एक पान लिहायचे: पाऊस, भाव, कोण येऊन गेलं, काय खाल्लं. शेवटची सहा वर्षं त्यांना पार्किन्सन्स होता. या आजारात पुष्कळांचं अक्षर बारीक होत जातं. ओळ नीट सुरू होते आणि पुढे जाता जाता अक्षरं आक्रसतात. अण्णांचं तसंच झालं. मागच्या दिवाळीत त्यांच्या वह्या आमच्याकडे आल्या. मी पानं चाळली आणि मला मोल्नारच्या आईची आठवण झाली.

मी ठरवलं, करून बघू. माझी शंका खरी असेल तर चार तासांत कळेल.

पहिल्यांदा मोल्नारचंच सूत्र घेतलं. उजवीकडे जाताना गडबड वाढवली. आलेलं पान पावसात भिजल्यासारखं दिसत होतं. अण्णांचं नव्हतंच ते. वहीत पुन्हा पाहिल्यावर कळलं की अण्णांच्या ओळीत गडबड नाहीच. अक्षर बारीक होतं, पण वळण सुटत नाही. मुंगीएवढा 'क' सुद्धा शाळेत गिरवायला देतात तसा. मग मी रँडम सगळं काढून टाकलं आणि फक्त उंची कमी करत नेली. आता ते डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यासारखं दिसायला लागलं. बरोबर, पण निर्जीव.

तिसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन बसलो. वहीतल्या ओळी एकेक मोजल्या आणि तेव्हा शिरोरेषेकडे लक्ष गेलं. अण्णा लहानपणी शाळेत मोडी शिकले होते. मोडी लिहिताना आधी अख्ख्या ओळीची शिरोरेषा ओढतात आणि मग तिला खाली अक्षरं लटकवतात. अण्णांनी बाळबोधीतही ती सवय सोडली नव्हती. म्हातारपणी हात थरथरायला लागल्यावर ते पट्टी धरून ही रेघ ओढायचे. त्यामुळे पान असं दिसतं: वर समासापासून समासापर्यंत सरळ, न डगमगणारी रेघ आणि तिच्याखाली हळूहळू आटत गेलेली अक्षरं. शेवटच्या वहीत काही ठिकाणी अक्षरं मध्येच थांबली आहेत आणि रिकामी रेघ पुढे तशीच समासापर्यंत गेली आहे.

आणि दुसरी गोष्ट. खालची ओळ पुन्हा मोठ्या अक्षराने सुरू होते. दर वेळी. पूर्ण उंचीने नाही, पण वरच्या ओळीच्या शेवटापेक्षा कितीतरी मोठ्या. ओळ संपली की अण्णा सावरून बसत असणार, पट्टी खाली सरकवत असणार, आणि पुन्हा ठरवून मोठं लिहायला लागत असणार. पानात अठरा ओळी. म्हणजे एका पानात अठरा वेळा.

मी कोडमध्ये दोन गोष्टी घातल्या. वरची रेघ कधीच बदलणार नाही. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उंची पुन्हा वर येईल. मी खिडकी उघडीच ठेवून जेवायला गेलो. आई मागून जाताना थांबली आणि म्हणाली, "अण्णांची ही कुठली वही रे?" हा पुरावा म्हणून मी पुढे करणार नाही. वह्या आठवडाभर टेबलावरच होत्या. तिच्या डोक्यात अण्णाच असणार.

पण त्या रात्री मी 'माझ्या आईची पत्रं' पुन्हा उघडली आणि माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस चित्राच्या चुकीच्या बाजूला बघत होतो. मी उजवीकडचा गोंधळ बघत होतो, कारण गोंधळ उठून दिसतो. चित्रातली खरी घटना डाव्या समासात घडते. ओळ संपते, क्ष पुन्हा शून्य होतो, आणि भान सुटलेली रेघ पुन्हा पहिल्यासारखी शिस्तीत उभी राहते. ज्या बाईचा हात प्रत्येक ओळीच्या शेवटी सुटतो, ती पुढची ओळ पुन्हा सरळ सुरू करते. ईसीजीत असं होत नाही, भूकंपमापकावरही होत नाही. ते फक्त लिहिणाऱ्या माणसाचं होतं. शीर्षक झाकलं तरी ते तिथे आहे. मला ते दिसलं नव्हतं, एवढंच.

*

मोल्नारला हे सापडलं ते गणितामुळे, असं मला आता वाटतं. आईच्या अक्षराबद्दल तिला नुसतं 'थरथरतं, जुन्या वळणाचं, मायेचं' असं म्हणून थांबता आलं नसतं. यंत्राला विशेषणं कळत नाहीत. त्याला सांगावं लागतं की काय बदलतं, कशाबरोबर बदलतं, किती, आणि काय बदलत नाही. ते सांगण्यासाठी तिला आईची पत्रं आम्ही सगळे बघतो त्यापेक्षा जास्त निरखून बघावी लागली. गणिताने चित्राला सुंदर केलं की नाही हे मला सांगता येणार नाही. त्याने तिला बघायला भाग पाडलं हे नक्की. अण्णा असताना मी त्यांच्या वहीची पानं अनेकदा पाहिली होती. शिरोरेषा मला तेव्हा दिसली नव्हती.

या सगळ्यात मी एक गोष्ट अर्थातच करून पाहिली. अण्णांच्या पानाचा फोटो एका एआय चित्रयंत्राला दिला आणि म्हटलं, असंच एक पान कर. दहा सेकंदांत पान आलं. पिवळट कागद, शाईचा डाग, दुमडलेला कोपरा, देवनागरीसारखं काहीतरी. फार देखणं होतं. सगळी अक्षरं एका उंचीची होती. त्या यंत्राच्या पोटात मोल्नारने जन्मभरात वापरलं त्याच्या कितीतरी पट गणित आहे, त्यामुळे 'गणित असलं की कला होते' हे काही खरं नाही. जुनं पान साधारण कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं. या पानात कुठला आकडा महत्त्वाचा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी आधी त्याच्याकडे गेलो असतो तर तो आकडा मलाही कधी कळला नसता. ही गोष्ट मला थोडी अस्वस्थ करते, कारण माझ्या नोकरीत आता रोजचं निम्मं काम मी असंच करतो: सांगतो, मिळतं, पुढे जातो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कोड यायलाच हवा असं नाही. मोल्नारने नऊ वर्षं कॉम्प्युटरशिवायच काढली. चौकटीच्या वहीत पंचवीस चौरस काढा, पाच ओळींत. लुडोचा फासा घ्या. प्रत्येक चौरसासाठी एकदा टाका. सहा पडले तर त्या चौरसाचा एक कोपरा अर्धं घर सरकवा, नाहीतर आहे तसा ठेवा. अशी तीन पानं करा. मग चौथ्या पानावर पाच पडले तरी सरकवा, पाचव्या पानावर चार पडले तरी. पानं शेजारी शेजारी मांडा आणि त्यातलं एक निवडा. ते का निवडलं हे नुसतं 'छान दिसतं' न म्हणता सांगता येतंय का, ते बघा. मला अजून दर वेळी येत नाही.